खोटं आणि खोटं-खोटं

प्रश्न : आमचं कुटुंब चार पिढ्या वडोदऱ्यात. आधी दांडिया बाजारात वाड्यात राहायचो, आता गोत्रीला फ्लॅटमध्ये. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून मुलीची मुलं आली होती. नात सात वर्षांची, नातू अकराचा. जावईबापूंनी एका संध्याकाळी ‘द विझार्ड ऑफ ओझ’ लावला, तो जुना, १९३९ चा. मला वाटलं, पोरं पाच मिनिटांत उठतील. एकही उठलं नाही. दुसऱ्या दिवशी मी हट्टाने ‘संत तुकाराम’ लावला. शेवटी विमान आलं तशी नात म्हणाली, “आजी, हे खोटं आहे ना? दोरी असेल.” मी म्हटलं, असेल बाई. तर म्हणते, “परत लाव ना तेवढंच.” तीनदा लावायला लागलं. खोटं आहे हे कळल्यावर परत परत का बघायचं? या जुन्या गाण्यांच्या, जादूच्या चित्रपटांत असं आहे तरी काय? आणि ओझसारखा, सगळ्या घराने मांडीला मांडी लावून बघावा असा जादूचा चित्रपट आपल्या मराठीत का नाही? जाताना नातीने मला विचारून ठेवलंय, विमान कसं उडवलं? तेही सांगा.
— एक आजी, गोत्री, वडोदरा

उत्तर : आजी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच घरात आहे. भातुकली खेळताना तुमची नात जो शब्द वापरते तो आठवा. चुरमुऱ्यांचा भात, गुळाच्या खड्याची भाजी, रिकाम्या कपातला चहा. ती तुमच्यापुढे कप धरते आणि म्हणते, “आजी, खोटा-खोटा चहा आहे हं.” तुम्ही तो फुंकर घालून पिता. साखर जरा कमी झाली म्हणता. ती लगेच रिकाम्या डब्यातून चमचाभर काहीच-नाही काढून कपात ढवळते.

मराठीत ‘खोटं’ आणि ‘खोटं-खोटं’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि पोरांना त्यांतला फरक आपल्यापेक्षा चांगला कळतो. खोटं म्हणजे समोरच्याला अंधारात ठेवणं. खोटं-खोटं म्हणजे दोघांनाही ठाऊक असलेलं, दोघांनी मिळून सांभाळलेलं. खोटं उघडं पडलं की संपतं. खोटं-खोटं मुळात उघडंच असतं, म्हणून ते कितीही वेळा खेळता येतं. “दोरी असेल” असं म्हणून नातीने विमान मोडीत काढलं नाही. विमान कोणत्या खात्यात मांडायचं ते तिने ठरवलं आणि मग निर्धास्तपणे परत बघितलं. मूल फसत नाही, ते सामील होतं. कुटुंबाने एकत्र बघायच्या जादूच्या चित्रपटाचं सगळं बळ मला या सामील होण्यात दिसतं.

ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यात आधी ज्याला उमगली तो माणूस तुमच्या जुन्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर शिकला. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन तुम्हाला माहीतच आहे, आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशाखा आहे. धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. मधून बाहेर पडल्यावर या कलाभवनात आले. चित्रकला, छायाचित्रण, साचे घडवणं, असं हाताला लागेल ते शिकले. पुढे गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा केला, तिथे प्लेगात बायको आणि मूल गमावलं. मग एका परदेशी जादूगाराची संगत घडली आणि फाळके स्वतः जादूचे प्रयोग करू लागले. त्यासाठी त्यांनी आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ असं नाव घेतलं. राजा रविवर्म्याने तुमच्या लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी पुराणातल्या प्रसंगांची चित्रं रंगवली होती. त्याच रविवर्म्याच्या लोणावळ्याच्या छापखान्यासाठी फाळक्यांनी पुढे काम केलं. घरोघरच्या भिंतींवर लागणाऱ्या देवांच्या तसबिरी कशा छापल्या जातात ते त्यांनी तिथे जवळून पाहिलं. फोटो, जादू आणि देवाची तसबीर, या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या हातात आल्या, तेव्हा ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

पण तुमच्या प्रश्नासाठी मला त्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात कृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. आज जी प्रत उरली आहे तिची सुरुवात बघा. कृष्ण लगेच येत नाही. आधी पडद्यावर एक लहान मुलगी येते आणि नुसते चेहरे करून दाखवते. रागावते, हसते, घाबरते. बाप जणू प्रेक्षकांना सांगतो, ही आमची मंदा, आता ही कृष्ण होणार आहे, बघा हं. आणि मग ती होते. लोण्यासाठी धडपडते, यमुनेत उडी घेते, पाण्याखाली नागाशी झुंजते. जादूचे खेळ केलेल्या माणसाने जादू दाखवण्याआधी टोपी उलटी करून दाखवली, आत काही नाही म्हणून. मुलगी आहे हे दाखवून झाल्यावर ती कृष्ण वाटते, आणि सुरुवातीला ती मुलगी पाहिली म्हणून जरा जास्तच वाटते.

आता जावईबापूंनी लावलेल्या चित्रपटाकडे येऊ. ‘द विझार्ड ऑफ ओझ’ मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकी कंपनीचा. एल. फ्रँक बॉम यांचं मूळ पुस्तक १९०० मधलं. कॅन्ससच्या माळरानावर काका-काकूंकडे राहणारी डोरोथी वावटळीत घरासकट उडते, ओझ नावाच्या देशात पडते आणि घरी परत जायची वाट शोधते. गोष्ट एवढीच. सुरुवातीची जवळपास वीस मिनिटं सगळं मातकट, तपकिरी. घर पडतं, मुलगी दार उघडते आणि बाहेर रंगच रंग. तुमच्या नातवंडांनी त्या दारापाशी श्वास रोखला असेल, कोणीही रोखतं. हे दृश्य कसं केलं ते मुलांना आवर्जून सांगा. घराचा आतला भाग खरोखरच तपकिरी रंगवला होता. तपकिरी कपडे घातलेली दुसरीच मुलगी, पाठमोरी, दार उघडते आणि बाजूला होते. मग निळ्या चौकड्यांच्या फ्रॉकमध्ये जुडी गारलँड बाहेर पाऊल टाकते. यंत्राची करामत फारशी नाही, एक डबा रंग आणि एक बदली मुलगी. आणि ती घर उडवणारी वावटळ? मलमलीसारख्या कापडाचा पस्तीस फूट लांब मोजा शिवून तो वरून टांगला आणि फिरवला.

म्हणजे त्या चित्रपटाची मोहिनी रंगांत आहे असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण एक गोष्ट कळली आणि माझं मत बदललं. १९३९ मध्ये या चित्रपटाने कंपनीला फार पैसा मिळवून दिला नव्हता. तो घराघरांत गेला तो ३ नोव्हेंबर १९५६ पासून, अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर दाखवायला लागले तेव्हा, आणि १९५९ पासून तर दर वर्षी, आपल्याकडे दिवाळीचा फराळ तसा. त्या वेळी तिकडच्या बहुतेक घरांतले संच कृष्णधवल होते. डोरोथी दार उघडायची आणि बाहेरही करडंच असायचं! पोरांच्या एका अख्ख्या पिढीने ओझचा देश रंगांत पाहिलाच नाही, आणि तरी त्याच पिढीने तो चित्रपट जिवाशी धरला. मग त्यांनी धरलं काय?

मला वाटतं, त्यांनी घर धरलं आणि गाणं धरलं.

घराचं आधी सांगतो. ओझमध्ये डोरोथीला जे बुजगावणं भेटतं, जो पत्र्याचा माणूस भेटतो, जो भित्रा सिंह भेटतो, ते तिघं तिच्या काकांच्या शेतावरचे गडी आहेत. तेच नट, तेच आवाज. कुत्र्याला पकडून न्यायला आलेली खाष्ट शेजारीण तिथे चेटकीण होते. रस्त्यात भेटलेला भोंदू ज्योतिषी तिथला महान जादूगार होतो, आणि तो नट तर एकूण पाच भूमिकांत वावरतो. परक्या देशात गेलेल्या मुलीला सगळी माणसं घरचीच भेटतात. तुम्ही झोपाळ्यावर बसून गोष्ट सांगता तेव्हा राक्षस कोणाच्या आवाजात बोलतो? तुमच्याच. लांडगाही तुम्ही, कोकरूही तुम्ही. मुलाला भीती वाटते, पण आवाज आजीचा असतो, म्हणून ते पळून न जाता आणखी जवळ सरकतं. फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके या एकाच माणसाने केले होते, आणि तो त्याआधी हॉटेलात काम करायचा. लोकांनी हात जोडले ते काही त्यांना साळुंके ओळखू आला नाही म्हणून नव्हे.

आणि ओझच्या शेवटी काय होतं? डोरोथीचं कुत्रं पडदा ओढतं आणि मागे यंत्राची चाकं फिरवणारा साधा म्हातारा उघडा पडतो. चित्रपट स्वतःच्या हाताने स्वतःची दोरी दाखवतो. तरी त्यापुढची दहा मिनिटं कोणी उठून जात नाही. मंदाकिनीचे चेहरे आणि ओझचा पडदा, वीस वर्षांच्या आणि सात समुद्रांच्या अंतरावरून दोघं एकच करताहेत. जादू उघडी ठेवताहेत आणि मुलांना खेळात घेताहेत.

आता गाणं. खेळ सुरू झाला हे खुणेने सांगायला लागतं. कीर्तनात बुवा बोलता बोलता थांबतात, झांजांचा आवाज चढतो, आणि पुढे देव येऊन दळण दळू लागले तरी कोणी हरकत घेत नाही. तेच साध्या गद्यात सांगितलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, खरंच का हो? गाणं सुरू झालं की ऐकणाऱ्याची ही हरकत आपोआप गळून पडते. माणसं एरवी बोलतात, इथे गातात, म्हणजे इथले नियम वेगळे, हे कान आधी मान्य करतात आणि डोळे कानांच्या मागून जातात. ओझमध्ये इंद्रधनुष्यापलीकडच्या देशाबद्दलचं जे गाणं आहे ते डोरोथी गोठ्याजवळ, धुळीत, कुत्र्यासमोर गाते. जादू अजून सुरू व्हायची असते. हॅरोल्ड आर्लेन यांची चाल आणि यिप हार्बर्ग यांचे शब्द. सुरुवातीचे खेळ दाखवल्यावर हे गाणं लांबण लावतं म्हणून कापायचं घाटत होतं. ते राहिलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. ते कापलं असतं तर पुढचं दार उघडलं असतं, पण आपण त्याबरोबर आत गेलो नसतो.

‘संत तुकाराम’ला मी परीकथेच्या पंगतीला बसवतोय म्हणून रागावू नका. ज्यांच्यासाठी तो भक्तीचा चित्रपट आहे त्यांच्यासाठी तो तसाच आहे, आणि माझ्यासाठीही. पण त्याच सतरंजीवर एक सात वर्षांची मुलगीही बसलेली असते आणि तिच्यासाठी तो आकाशातून विमान येण्याचा चित्रपट असतो. प्रभात फिल्म कंपनीच्या दामले आणि फत्तेलाल या जोडीने १९३६ मध्ये तो केला. दोघंही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या तालमीतले. फत्तेलालांना सगळे ‘साहेबमामा’ म्हणायचे. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे तुम्ही वाचलेलं असेल. पण नातवंडांबरोबर पुन्हा बघाल तेव्हा माझ्यासाठी दोन जागा नीट बघा.

पहिली जागा सालोमालोची. तुकोबांचा अभंग तो आपल्या नावावर खपवतो आणि नाटकी ताना घेत गातो. शब्द तेच. संगीतकार केशवराव भोळे यांनी दोन गळ्यांतला फरक असा काही ठेवला आहे की रागाचं नाव माहीत नसलेलं पोरही बोट दाखवून सांगेल, हा चोर. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले, तरी तुकोबा म्हणून गाताना त्यांच्या गळ्यात एक कणही दिखाऊ नाही. खऱ्या गाण्याची खूण इतकी पक्की बसली की शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी नव्याने लिहिलेला बीजाविषयीचा अभंग पुढे कित्येकांनी तुकोबांचाच म्हणून धरला. पोरांना हे सांगा. खोट्या-खोट्यातून कधी कधी असं खरं उगवतं.

दुसरी जागा तुकोबांच्या बायकोची, जिजाईची. गौरी नावाच्या ज्या बाईंनी ही भूमिका केली त्या प्रभातमध्ये हलकीसलकी कामं करायला आलेल्या होत्या. मुलगा आजारी पडतो, घरात काही नाही, नवरा देवळात. ती पोराला बखोटीला धरून तरातरा देवळात जाते आणि विठोबासमोर उभी राहून हातात वहाण घेते. तिचा पदर बघा, कसा घसरलेला आहे. पोराला धरलेला हात बघा, ती त्याला किती घट्ट आवळते. देवाला मारायला उगारलेला एक हात आणि पोराला सांभाळणारा दुसरा, दोन्ही त्याच बाईचे. ती म्हशीची उस्तवार करणारी, भाकरीच्या पिठाचा हिशेब ठेवणारी, वैकुंठ वगैरे गोष्टींना भीक न घालणारी बाई आहे. तिच्यामुळे चमत्कार पटतो. सगळेच भाविक असते तर विमान आलं काय आणि न आलं काय, फरक पडला नसता. पण जिच्या घरात पीठ नाही, जिचा विमानावर विश्वास नाही, तिच्या अंगणावरून ते जातं, तेव्हा आपणही मान वर करतो. डोरोथीच्या करड्या माळरानाचं काम इथे जिजाईची चूल करते. आधी घर पक्कं असावं लागतं, मग ते उडवता येतं.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो गणपतीत, देवळाच्या पटांगणात. दोन बांबूंना पांढरी चादर बांधलेली. अर्धी माणसं चादरीच्या पुढे, अर्धी मागे. मागच्यांना तुकोबा उलटे दिसायचे, चिपळ्या दुसऱ्या हातात, पण जागा मिळाली म्हणून तेही खूश. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलताना सगळं थांबायचं आणि पिवळा दिवा लागायचा. एका रिळाच्या शेवटी अभंग मधेच तुटला. अंधारातून एका म्हाताऱ्या बाईंनी तो उचलला, शेजारच्यांनी धरला, पटांगणभर पसरला. प्रोजेक्टरवाल्याने दुसरं रीळ चढवून ठेवलं होतं, पण तो थांबला. लोकांचं गाणं संपल्यावर त्याने खटका दाबला. शेवटी विमान आलं, तेव्हा त्याच बाईंनी हात जोडले आणि माझ्या शेजारच्या पोराने माझ्या बरगडीत कोपर खुपसून म्हटलं, “लाकडाचं आहे बघ.” दोघांचेही डोळे सारखेच मोठे झाले होते. कुटुंबाचा चित्रपट कशाला म्हणायचं, असं मला कोणी विचारलं की मला ती चादर आठवते. आजीने हात जोडावेत, नातवाने लाकूड ओळखावं, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला गप्प करू नये.

तुमचा पुढचा प्रश्न, ओझसारखा जादूचा चित्रपट मराठीत का नाही. थोडक्यात सांगायचं तर आपल्याकडे तो देवाच्या आणि संतांच्या नावाने झाला. प्रभातने १९३२ मध्ये ‘माया मच्छिंद्र’ केला, त्यात स्त्रीराज्याची राणी दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ. १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत चालली आणि रेडा वेद बोलला. तुमच्या नातवाला चालणारी भिंत दाखवा, अकरा वर्षांच्या मुलाला ती विमानापेक्षा जास्त आवडेल. पुढे चित्रपटांत रंग आले, अशा दृश्यांचा खर्च वाढला, आणि मराठी चित्रपटाचा खिसा त्या मानाने लहान राहिला.

पण जादू संपली नाही, ती रंगमंचावर गेली. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. तिथून मराठी बालनाट्याची जी परंपरा सुरू झाली तिला मी आपला ओझ म्हणेन. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण आठवा. एके काळी दिलीप प्रभावळकर ती करायचे, आणि २०१८ मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले. लांब नाक, लुगडं, पुरुषाचा आवाज. प्रेक्षागृहातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं की हा एक काका आहे. तरी ती रंगमंचावरून खाली बघते, तेव्हा पहिल्या रांगेतली पोरं पाय वर घेतात, आणि अलबत्याच्या मागे ती आली की सगळं थिएटर ओरडून त्याला सावध करतं. पडद्यावरच्या डोरोथीला ओरडून सांगितलेलं ऐकू जात नाही. अलबत्याला जातं. ही एक गोष्ट आपल्या ओझकडे जास्त आहे, आणि ती लहान नाही. वडोदऱ्यात किंवा पुढच्या सुट्टीत पुण्याला असं नाटक लागलं तर पोरांना घेऊन जाच.

आता विमान. तुमच्या नातीला म्हणावं, दोरीची शंका अगदी योग्य आहे. लहान प्रतिकृती, लाकूड आणि तारा यांच्या आधाराने त्या काळी पडद्यावर अशी विमानं उडवत. पण आकाश आणि विमान एकत्र आणायचं तर दुसरी एक मोठी युक्ती हाताशी होती. एकाच फिल्मवर दोनदा चित्र घ्यायचं. फिल्मवर उजेड पडला तरच चित्र उमटतं. काळ्या कापडासमोर वस्तू ठेवून चित्रण केलं, तर वस्तू उमटते आणि काळ्याच्या जागी फिल्म कोरी राहते. मग फिल्म उलटी गुंडाळून पुन्हा त्याच खुणेवर आणायची आणि कोऱ्या जागेत दुसरं चित्र घ्यायचं. फाळक्यांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, म्हणून किती फेरे झाले ते मोजत राहायचं. एक फेरा चुकला की कृष्ण नागाच्या डोक्यावर न उतरता शेजारी उतरायचा, आणि चूक झाली हे फिल्म धुतल्यावरच कळायचं. देव पडद्यावर हवेत उभे राहिले ते असे, कोणीतरी ओठांतल्या ओठांत आकडे मोजत असताना.

हे नातीला सांगून कळणार नाही, दाखवावं लागेल. ती पुन्हा आली की एका रात्री जेवणानंतर हॉलमधले दिवे घालवा आणि बाल्कनीचं काचेचं दार लावून घ्या. बाहेर अंधार हवा, मागे काळं कापड असतं तसा. तुम्ही देव्हाऱ्यातलं निरांजन पेटवा आणि काचेपासून हातभर अंतरावर धरून उभ्या राहा. तिला तुमच्या शेजारी उभं करा आणि बाहेर बघायला सांगा. गोत्रीच्या रस्त्यावर, तुमच्या मजल्याच्या उंचीवर, खाली रिक्षा जाताहेत आणि वर हवेत एक ज्योत तरंगते आहे. मग निरांजन हळूच तिच्या हातात द्या.